अभिसरणाचे तीन अर्थ : विलंबी अवकल समीकरणांच्या आसन्न उकलीविषयी

१. विषयप्रवेश

न्यूटनच्या काळापासून निसर्गातील बदलांचे जे गणित रूढ झाले, त्यात एक गृहीत मुकाट्याने मान्य केलेले असते. वस्तूची या क्षणाची स्थिती कळली की तिच्यातील बदलाचा या क्षणाचा वेग कळतो, असे ते गृहीत होय. सामान्य अवकल समीकरण म्हणजे या गृहीताचेच गणिती लेखन. परंतु निसर्गातील आणि यंत्रांतील कित्येक व्यवहार या चौकटीत बसत नाहीत. आज घातलेली अंडी आजच खाणारी तोंडे वाढवीत नाहीत. त्यांचा भार अन्नसाठ्यावर पडतो तो काही दिवसांनी. लांब नळाच्या एका टोकाची झडप फिरवली तरी दुसऱ्या टोकाशी पाणी ऊन होण्यास वेळ लागतो, आणि तोवर अधीर माणसाने ती गरजेपेक्षा अधिक फिरवलेली असते. अशा ठिकाणी आजचा वेग आजच्या स्थितीवर नव्हे, तर मागील एखाद्या क्षणाच्या स्थितीवर अवलंबून असतो. ही गोष्ट समीकरणात मांडली म्हणजे विलंबी अवकल समीकरण सिद्ध होते.

येल विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ जी. इव्हलिन हचिन्सन यांनी १९४८ साली प्राणिसंख्येच्या वाढीसाठी असे एक समीकरण सुचविले. संख्या वाढू लागली की अन्न अपुरे पडते व वाढीला आळा बसतो, हे तत्त्व जुनेच होते. हचिन्सन यांनी त्यात इतकेच जोडले की हा आळा तत्काळ बसत नसून ठरावीक विलंबाने बसतो. संख्येचे मोजमाप तिच्या समतोल मूल्यापासूनच्या अंतराने केले आणि विलंबाचा काळ हेच कालाचे एकक मानले, तर त्या समीकरणाचे रूप पुढीलप्रमाणे होते :

य′(क) = −अ · य(क − १) · [१ + य(क)]

येथे ‘क’ म्हणजे काल, ‘य’ म्हणजे समतोलापासूनचे प्रमाणशीर अंतर, आणि ‘अ’ म्हणजे वाढीचा दर व विलंब यांचा गुणाकार. ‘य’ शून्याकडे गेला तर प्राणिसंख्या समतोलात स्थिरावली, असा त्याचा अर्थ. ‘य’ चे मूल्य −१ पेक्षा सदैव अधिक असते. कारण −१ म्हणजे संपूर्ण विनाश.

हेच समीकरण अगदी निराळ्या वाटेने एका गणितज्ञासमोर आले होते. मूळसंख्यांच्या विभागणीविषयी लॉर्ड चेरवेल यांनी केलेल्या एका अनुमानात्मक विचारातून ते उद्भवले, आणि ॲबर्डीन विद्यापीठातील ई. एम. राइट यांनी १९५५ साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून ते राइट यांच्या नावाने ओळखले जाते. ‘अ’ चे मूल्य ३/२ किंवा त्याहून कमी असेल तर प्रत्येक उकल शून्याकडे जाते, हे राइट यांनी सिद्ध केले. ही गोष्ट पाय/२ पर्यंत, म्हणजे सुमारे १.५७०८ पर्यंत, खरी असली पाहिजे, असा तर्क त्यापुढे उरला. सिद्ध झालेले १.५ आणि तर्कातील १.५७०८ यांतील अंतर दिसावयास क्षुल्लक आहे. ते पूर्णपणे ओलांडण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

मध्यंतरी गणकयंत्रे आली, आणि हे समीकरण सोडवून त्याचा आलेख पाहणे ही विद्यार्थ्यालाही सहज जमणारी गोष्ट झाली. मग प्रश्न त्रेसष्ट वर्षे का लोंबकळला? याचे उत्तर ‘अभिसरण’ या शब्दाच्या नीट उलगड्यात आहे.

२. शब्दाचा विचार

‘अभि’ म्हणजे कडे, आणि ‘सृ’ म्हणजे जाणे. एखाद्या लक्ष्याकडे जाणे हा ‘अभिसरण’ या शब्दाचा धात्वर्थ, आणि गणितात तोच घेतला जातो. व्यवहारातील मराठीत मात्र हा शब्द ‘रक्ताभिसरण’ या रूपाने अधिक परिचित असून तेथे त्याचा अर्थ फिरत राहणे असा आहे. प्रस्तुत विषयात या दोन्ही छटांची आठवण ठेवणे उपयुक्त ठरते. कारण राइट यांच्या समीकरणाची उकल एक तर शून्याकडे जाते किंवा शून्याभोवती फिरत राहते, आणि या दोहोंतील भेद ओळखणे हेच गणकाचे काम आहे.

गणिती अर्थ एकच धरला तरीही संख्यात्मक उकलीच्या संदर्भात तो तीन ठिकाणी वापरला जातो. एक, पुनरावर्तनांची संख्या वाढत गेली असता उत्तर स्थिरावते काय? दोन, गणनेचे पाऊल लहान होत गेले असता उत्तर खऱ्या उकलीस मिळते काय? तीन, काळ पुढे पुढे गेला असता उकल समतोलास पोहोचते काय? या तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर होकारार्थी आले म्हणजे उरलेल्या दोहोंचेही तसेच येते, असा समज सहज होतो. तो समज चुकीचा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. पहिला अर्थ : पुनरावर्तनाचे अभिसरण

विचाराच्या सोयीसाठी राइट यांच्या समीकरणातील चौकटी कंस वगळून उरणारे सरळ समीकरण घेऊ :

य′(क) = −अ · य(क − १)

उकल सुरू करण्यासाठी येथे एका क्षणाचे मूल्य पुरत नाही. मागील संपूर्ण एका एककाचा पूर्वेतिहास द्यावा लागतो. तो सर्वत्र १ आहे असे मानू. मग ० ते १ या खंडात उजवी बाजू पूर्णतः ज्ञात असते आणि समाकलनाने य = १ − अक मिळते. हे मिळाल्यावर १ ते २ या खंडाची उजवी बाजू ज्ञात होते, आणि तेथे

य = १ − अक + अ²(क − १)²/२

असे येते. पुढील प्रत्येक खंडात याच घडणीचे एकेक नवे पद जोडले जाते. या रीतीस खंडरीत म्हणता येईल. विलंब असल्यामुळे समीकरण अवघड होते खरे. पण त्याच विलंबामुळे भूतकाळाची एक शिडी तयार होते आणि तिच्यावरून एकेक पायरी चढता येते.

आता याच समीकरणाला एमिल पिकार यांची पुनरावर्तनाची रीत लावून पाहावी. प्रथम संपूर्ण उकलीचा एक ओबडधोबड अंदाज घ्यावयाचा; तो उजव्या बाजूत घालून समाकलन करावयाचे; मिळालेले फलन पुन्हा उजव्या बाजूत घालावयाचे. पहिला अंदाज सर्वत्र १ असा घेतला तर पहिल्या फेरीअखेर १ − अक हे फलन मिळते, आणि ते पहिल्या खंडात तंतोतंत बरोबर असते. दुसऱ्या फेरीअखेर पहिले दोन खंड बरोबर येतात, तिसऱ्या फेरीअखेर तीन. म्हणजे येथे पुनरावर्तन लक्ष्याच्या केवळ जवळ जात नाही. ठरावीक फेऱ्यांत ते लक्ष्यावर पोहोचते. विलंबी समीकरणांचे हे एक खास वैशिष्ट्य होय.

वेग जेव्हा विलंबित मूल्याबरोबर चालू मूल्यावरही अवलंबून असतो, तेव्हा इतकी पूर्णता मिळत नाही. मूल्यांत पडलेल्या फरकाच्या ‘ल’ पटीपेक्षा वेगात अधिक फरक पडत नसेल, आणि एकूण कालावधी ‘ट’ असेल, तर ‘न’ फेऱ्यांनंतरची चूक ही मूळ चुकीला (लट)ⁿ ने गुणून व ‘न’ च्या क्रमगुणिताने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा अधिक नसते. क्रमगुणित हा कोणत्याही घातापेक्षा शेवटी वेगाने वाढतो. म्हणून अभिसरण निश्चित आहे.

‘शेवटी’ या शब्दाकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. ल = २ आणि ट = १० घेतले तर ही मर्यादा प्रारंभी कमी होण्याऐवजी वाढत जाते : दहाव्या फेरीस ती सुमारे २८ लाख आणि विसाव्या फेरीस सुमारे ४ कोटी ३१ लाख असते. ती ०.०००१४ इतकी खाली येते ती साठाव्या फेरीस. याउलट तोच काळ एकेक एककाच्या दहा भागांत तोडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सोडवला, तर प्रत्येक भागात दहाव्या फेरीसच मर्यादा ०.०००२८ वर येते. अर्थात या संख्या चुकीच्या वरच्या मर्यादा होत, प्रत्यक्ष चुका नव्हेत. तरीही अभिसरणाची हमी असणे आणि ते उपयोगी पडेल इतक्या वेळात घडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

४. दुसरा अर्थ : पाऊल लहान होत जाताना

वरील समाकलने प्रत्येक वेळी कागदावर करता येतीलच असे नाही. गणकयंत्र कालाचे लहान लहान पाऊलांत तुकडे करते व प्रत्येक पाऊलागणिक संख्या काढते. ऑयलर यांची सर्वांत साधी रीत अशी : नवे मूल्य = चालू मूल्य + पाऊल × चालू वेग. आपल्या सरळ समीकरणात अ = १ घेतले तर क = २ या क्षणी खरे मूल्य १ − २ + १/२, म्हणजे −०.५ आहे. ऑयलर यांच्या रीतीने त्याच क्षणी पुढील उत्तरे मिळतात :

पाऊल १/२ : −०.७५
पाऊल १/४ : −०.६२५
पाऊल १/१० : −०.५५
पाऊल १/१०० : −०.५०५

चूक प्रत्येक वेळी पाऊलाच्या बरोबर निम्मी आहे. पाऊल शून्याकडे गेले की चूकही त्याच प्रमाणात शून्याकडे जाते. चूक पाऊलाच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असल्याने या रीतीस पहिल्या कोटीची रीत म्हणतात. चौथ्या कोटीच्या रीतीत पाऊल निम्मे केले असता चूक सुमारे सोळाव्या हिश्शावर येते.

येथे विलंबी समीकरण दोन अडचणी उभ्या करते. पहिली अडचण सांध्यांची. वरील उदाहरणात पूर्वेतिहास सपाट असून क = ० या क्षणी उकल एकदम उतरू लागते; अर्थात तेथे पहिला अवकलज तुटतो. एका विलंबानंतर, क = १ येथे, तोच तुटकपणा दुसऱ्या अवकलजात उमटतो, आणि क = २ येथे तिसऱ्यात. जुन्या जखमेचा वण दर खंडाला फिकट होत जावा, तसा हा प्रकार आहे. उच्च कोटीच्या रीती उकल पुरेशी गुळगुळीत आहे हे गृहीत धरून रचलेल्या असतात. गणनेच्या पाऊलाने क = १ हा सांधा न कळत ओलांडला, तर चौथ्या कोटीची म्हणून घेतलेली रीत दुसऱ्या कोटीइतकी उतरू शकते. म्हणून सांधे आधी शोधून तेथे पाऊल टेकविणे हा या विद्येतील पहिला नियम होय. विलंब जर उकलीवरच अवलंबून असेल तर सांधे कोठे पडतील हेही आधी कळत नाही आणि तेही गणनेतूनच शोधावे लागतात. याच्याच जोडीचा दुसरा नियम असा की, मागील मूल्य दोन पाऊलांच्या मध्ये कोठे तरी हवे असल्यास ते काढण्याची अंतर्वेशनाची रीतही मूळ रीतीच्या तोडीची असावी. अन्यथा तिची कमअस्सल अचूकता सगळ्या उत्तरास चिकटते.

दुसरी अडचण पाऊल विलंबाहून मोठे पडते तेव्हाची. आगगाडीच्या विद्युत इंजिनाच्या माथ्यावरील, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याचा अभ्यास जॉन ऑकेंडन आणि ए. बी. टेलर यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यात निघालेल्या समीकरणात ‘क’ क्षणीचा वेग ‘क’ च्या एका ठरावीक अंशावरील, उदाहरणार्थ क/२ या क्षणीच्या, मूल्यावर अवलंबून असतो. आरंभक्षणी तेथे विलंब शून्य असतो. त्यामुळे पहिले पाऊल कितीही लहान घेतले तरी लागणारे ‘मागील’ मूल्य त्याच अपुऱ्या पाऊलाच्या आत पडते. शिडीची पायरीच हाताशी नाही, अशी ही अवस्था. मग अज्ञात मूल्याचा अंदाज घेऊन, तो सुधारीत, पाऊलाच्या आतल्या आत पुनरावर्तन करावे लागते. समलंब रीतीत अशा प्रत्येक फेरीत चूक निदान (पाऊल × ल)/२ या गुणकाने कमी होते. ल = २ व पाऊल १/४ असेल तर गुणक १/४ येतो आणि पाच फेऱ्यांत चूक हजारांशाच्या आत जाते. गुणक १ किंवा त्याहून मोठा झाला की हमी संपते.

परंतु हे अंतर्गत पुनरावर्तन स्थिरावते कोठे? ते खऱ्या उकलीवर नव्हे, तर पाऊलाच्या समीकरणाच्या उत्तरावर स्थिरावते. हजार फेऱ्या केल्या तरी पाऊलाची स्वतःची चूक तीळभरही कमी होत नाही. पहिल्या अर्थाचे अभिसरण दुसऱ्या अर्थाच्या अभिसरणाची जागा घेऊ शकत नाही, ते याच कारणाने.

५. तिसरा अर्थ : काळ पुढे जाताना

आता राइट यांच्या प्रश्नाकडे वळू. सरळ समीकरणाच्या बाबतीत उत्तर निश्चित आहे : ‘अ’ शून्याहून अधिक व पाय/२ हून कमी असेल तरच सर्व उकली शून्याकडे जातात. खंडरीतीने काढलेली मूल्ये हेच दाखवितात. अ = १ असता क = १, २, ३, ४, ५ या क्षणी अनुक्रमे ०, −०.५, −०.१६७, ०.२०८, ०.१५८ अशी शमत जाणारी मूल्ये येतात. अ = २ असता −१, −१, १.६६७, १, −२.६ अशी, झोके वाढवीत जाणारी, मूल्ये येतात.

ऑयलर यांच्या रीतीने हेच समीकरण सोडवले तर सीमा कोठे पडते? एका विलंबात ‘म’ पाऊले बसत असतील, तर गणित उकल शमण्याची सीमा २म × ज्या[पाय/(४म + २)] इतकी येते. अशा फरक-समीकरणांचा हा निष्कर्ष सायमन लेव्हिन व रॉबर्ट मे यांनी १९७६ साली मांडला. त्यावरून पुढील आकडे मिळतात :

म = १ : सीमा १
म = २ : सीमा १.२३६
म = १० : सीमा १.४९४६
म = १०० : सीमा १.५६३०
खऱ्या समीकरणाची सीमा : १.५७०८

दहा पाऊलांची ओळ विशेष पाहण्यासारखी आहे. अ = १.५ घेतल्यास खरी उकल निःसंशय शमते. किंबहुना राइट यांनी आपल्या मूळ समीकरणासाठी सिद्धता दिली ती नेमकी या मूल्यापर्यंत. पण एका विलंबात दहा पाऊले घेऊन केलेल्या गणनेत हीच उकल फुगत जाणारे झोके घेईल. पाहणारा म्हणेल की प्राणिसंख्या स्थिरावत नाही. प्रत्यक्षात न स्थिरावणारी गोष्ट प्राणिसंख्या नसून गणनेची रीत आहे. शंभर पाऊले घेतली तरी संकट नाहीसे होत नाही, केवळ सीमेच्या अधिक जवळ सरकते; अ = १.५७ असता तोच भास पुन्हा होतो.

उलट दिशेचा भासही शक्य आहे. वेग पाऊलाच्या आरंभी न मोजता अखेरीस मोजणारी पश्चगामी रीत घ्यावी, व पाऊल विलंबाइतकेच ठेवावे. मग प्रत्येक नवे मूल्य मागील मूल्याच्या (१ − अ) पट येते. अ = १.८ असता हा गुणक −०.८ होतो व गणित उकल शांतपणे शून्यावर येते. खरी उकल मात्र वाढते झोके घेत असते. पहिली रीत निरोग्यास रोगी ठरविते, दुसरी रोग्यास निरोगी.

या दोन्ही रीती दुसऱ्या अर्थाने अभिसारी आहेत, हे येथे विसरता कामा नये. कोणताही ठरावीक काळ घेतला, तर पाऊल लहान करीत नेऊन त्या काळापर्यंतची चूक हवी तितकी कमी करता येते. यात विरोध नाही. आधी काळ ठरवून मग पाऊल लहान करणे ही एक क्रिया, आणि आधी पाऊल ठरवून मग काळ अमर्याद वाढविणे ही दुसरी. दोन सीमांचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. ‘शून्याकडे जाते काय?’ हा राइट यांचा प्रश्न अनंत काळाचा आहे. गणकयंत्राचे पाऊल मात्र नेहमी सांत असते. आलेख पाहून हा प्रश्न सुटला नाही, याचे कारण हे होय.

६. आसन्न उत्तरापासून सिद्धतेकडे

तरीही राइट यांचा तर्क अखेर सिद्ध झाला तो गणकयंत्राच्याच साहाय्याने. यंत्राचे उत्तर सिद्धतेच्या पदवीस चढविणारे साधन पुष्कळ जुने आहे. स्टेफान बानाख यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेला आकुंचनाचा सिद्धांत हे ते साधन. एखादी प्रक्रिया कोणत्याही दोन अंदाजांमधील अंतर दर फेरीस निदान ‘ग’ या, १ पेक्षा लहान असलेल्या, ठरावीक गुणकाने घटवीत असेल, तर त्या प्रक्रियेला एक आणि एकच स्थिरबिंदू असतो. शिवाय एका फेरीत अंदाज ‘च’ इतका सरकला असेल, तर खरे उत्तर त्या अंदाजापासून च/(१ − ग) पेक्षा दूर नसते.

या लहानशा सूत्रात सर्व विवेचनाचे सार आहे. गणनेचा कार्यक्रम साधारणतः असा लिहिलेला असतो की लागोपाठच्या दोन उत्तरांतील फरक, समजा, ०.००१ हून कमी झाला की थांबावे. ग = ०.५ असेल तर अशा वेळी खरे उत्तर ०.००२ च्या आत असल्याची हमी मिळते. ग = ०.९ असेल तर ती ०.०१ ची होते. आणि ग = ०.९९९ असेल तर हमी केवळ १ ची, म्हणजे व्यवहारतः कसलीच नाही. यंत्र तिन्ही प्रसंगी सारख्याच शांतपणे थांबते. उत्तर हलेनासे झाले ही गोष्ट एकटी काहीही सिद्ध करीत नाही. ते हलेनासे का झाले, याचा आधार ‘ग’ च्या मर्यादेत असतो. ती मर्यादा सिद्ध करणे हे गणितज्ञाचे काम, आणि ते यंत्रावर सोपविता येत नाही, असे दीर्घकाळ मानले जात असे.

अंतराल-गणिताने ही समजूत पालटली. यात प्रत्येक संख्या एका आकड्याने न लिहिता खालची व वरची अशा दोन मर्यादांनी लिहितात, आणि प्रत्येक बेरीज-गुणाकारात खालची मर्यादा खाली व वरची वर अशी बाहेरच्या बाजूस पूर्णांकित करतात. गणनेच्या शेवटी जो पट्टा हाती येतो त्यात खरी संख्या असतेच. अशा रीतीने ‘ग’ चा पट्टा काढला आणि त्याची वरची कडही १ च्या खाली राहिली, तर बानाख यांच्या सिद्धांताच्या अटी पुऱ्या होतात व आसन्न गणना ही सिद्धता ठरते.

राइट यांच्या समीकरणाबाबत प्रथम प्रश्नाचे रूप पालटावे लागले. पाय/२ च्या पलीकडे या समीकरणास आवर्ती उकली असतात, हे जी. एस. जोन्स यांनी १९६२ साली दाखविले होते. बालाझ बान्हेयी, तिबोर चेन्देश, तिबोर क्रिस्तिन व आर्नोल्ड नॉयमायर यांनी २०१४ साली हा प्रश्न मंद आवर्ती उकलींच्या अभावाशी जोडला. ज्या उकलीची लागोपाठची शून्यस्थाने एका विलंबाहून अधिक अंतरावर असतात ती मंद. अशी आवर्ती उकल अस्तित्वात नाही एवढे दाखविले की सर्व उकली शून्याकडे जातात. अनंत काळापर्यंत एकेक उकल तपासण्याऐवजी आता एका सांत आवर्तनाचा शोध उरला, आणि तो यंत्राच्या आवाक्यातला होता. अंतराल-गणिताने त्यांनी १.५ पासून १.५७०६ पर्यंतचा पट्टा निकालात काढला.

उरला तो १.५७०६ ते १.५७०७९६… हा पट्टा. रुंदी सुमारे ०.०००२. परंतु नेमक्या याच पट्ट्यात पूर्वीची रीत थकते. सीमेजवळ उकल इतक्या सावकाश शमते की शमणे व फिरत राहणे यांतील भेद पुसट होत जातो; सीमेपलीकडे जन्मणारी आवर्ती उकलही आरंभी कितीही लहान असू शकते. पट्टे कितीही बारीक केले तरी शेवटचा बिंदू हाती लागत नाही. यान बाउवे फान डेन बर्ग व जोनाथन जाकेट यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेत म्हणून वेगळी वाट धरली. आवर्ती उकल त्यांनी फूरिए श्रेढीच्या गुणकांत लिहिली, आंदोलनाचा लहानपणा आधीच गुणक म्हणून बाहेर काढला, आणि उरलेल्या समीकरणासाठी न्यूटनच्या रीतीसारखी पुनरावर्ती प्रक्रिया रचून ती आकुंचक असल्याचे सिद्ध केले. आकुंचनामुळे उकल एकमेव ठरते. सीमेजवळ मंद आवर्ती उकलींची एकच शाखा आहे आणि ती पाय/२ च्या पलीकडच्या बाजूसच वळते, हे त्यातून निष्पन्न झाले. अलीकडच्या बाजूस फिरत राहणारे काहीच उरत नाही. म्हणून तेथे सर्व काही शून्याकडे जाते.

७. उपसंहार

या इतिहासात पुनरावर्तन ही एकच क्रिया दोन भूमिकांत दिसते. पहिल्या भूमिकेत ती उत्तर शोधते; दुसरीत ती उत्तराची साक्ष देते. शोधणाऱ्याला उत्तर स्थिरावले एवढे पुरते. साक्षीदाराला किती फेऱ्यांत, कोणत्या गुणकाने, कोणत्या परिघात स्थिरावले, हे सांगावे लागते. विलंबी समीकरणांत ही उलटतपासणी अधिक कडक हवी. कारण तेथे जुनी चूक मागे पडत नाही. ती विलंबाच्या वाटेने पुन्हा समोर येते, आणि रीत सदोष असेल तर प्रत्येक खेपेस थोडी मोठी होऊन येते.

हचिन्सन यांच्या प्राण्यांच्या भाषेत बोलावयाचे तर वाढीचा दर व विलंब यांचा गुणाकार १.५ असता समूह समतोलात येतो, आणि १.६ असता तो कायम भरती-ओहोटीत सापडतो. एवढ्या अरुंद अंतरावर निर्णय बदलत असता, आलेखाच्या आकारावर विश्वास ठेवून दिलेला सल्ला निसर्गाचा न ठरता पाऊलाच्या लांबीचा ठरण्याचा संभव असतो. म्हणून संख्यात्मक उकलीवर आधारलेला निष्कर्ष वाचताना ‘अभिसरण झाले’ या दोन शब्दांवर न थांबता, ते पुनरावर्तनाचे, पाऊलाचे की काळाचे, हे प्रथम विचारावे. उत्तर देणारा या तिन्हींचा वेगवेगळा हिशेब देऊ शकला, तरच त्या निष्कर्षावर पुढील विचार उभारणे योग्य होईल.